खांद्यावर मावेल एवढा आवाज

प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यात गिटार वाजवून कार्यक्रम करणाऱ्याची सगळी भिस्त एसटीवर नाहीतर मोटारसायकलवर असते. रेल्वे आहे ती लातूर–कुर्डुवाडी मार्गावर. परंडा, भूम, तुळजापूर, उमरगा, लोहारा इकडे जायचं तर रस्त्यानेच. सुपारी कुठून येईल याचा नेम नाही. नवरात्रात तुळजापूर, चैत्रात येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा, १४ एप्रिलला भीमगीतांचा मंच, भाद्रपदात गणपती मंडळं, लग्नसराईत हळदीचे कार्यक्रम आणि हिवाळ्यात शाळांची स्नेहसंमेलनं. मांडवात पोहोचल्यावर साऊंडवाला भेटतो. त्याच्याकडे एक मिक्सर, दोन-चार बॉक्स, गाणाऱ्यांसाठी माइक आणि मागे धडधडणारा जनरेटर असतो. गिटारसाठी वेगळा अॅम्प्लिफायर तो ठेवत नाही आणि त्याने तो ठेवावा अशी अपेक्षाही धरता येत नाही.

म्हणजे गिटारच्या तारेपासून मिक्सरच्या सॉकेटपर्यंत जे काही लागतं ते वादकानेच आणायचं. गिटार, वायरी, ट्यूनर, आवाजाला रंग देणारी पेडलं, त्यांना वीज पुरवणारा अडॅप्टर, अॅम्प्लिफायर किंवा त्याची जागा घेणारं यंत्र, मिक्सरला जोडायची पेटी, एवढ्या सगळ्या सरंजामाला वादक मंडळी ‘रिग’ म्हणतात. हे पुस्तक अशी रिग लहान कशी करावी याबद्दल आहे. एका माणसाच्या खांद्यावर आणि एका हातात मावेल, एसटीच्या सीटखाली जाईल, मंचावर दहा मिनिटांत मांडून होईल आणि तरीही वादकाच्या मनातला आवाज देईल, अशी रिग आम्हाला अभिप्रेत आहे.

लहान करणं म्हणजे काय सोडायचं ते ठरवणं. या पुस्तकातला प्रत्येक सल्ला शेवटी इथेच येऊन ठेपतो, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. वजन कमी करताना काहीतरी हातचं जातं. ते काय जाणार, हे आधी ओळखून सोडलं तर वाजवणं बिघडत नाही. न कळत गेलं तर ऐन कार्यक्रमात उघडं पडतं.

वाद्य घेऊन गावोगाव फिरायचं आणि दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या मांडवात आपला आवाज उभा करायचा, ही रीत या मुलखाला नवी नाही. तुळजाभवानीचा गोंधळ घालणाऱ्यांचा संच बघा. कमरेला बांधलेलं संबळ, हातात तुणतुणं, झांज आणि दिवटी. संबळाची जोडी कमरेला असल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात, वादक उभा राहून, चालत, नाचत वाजवू शकतो. तुणतुण्याला एकच तार, पण गायकाला आधारस्वर तेवढ्याने मिळतो. या संचात जादा असं काही नाही आणि उणंही काही नाही. आज जगभर ‘पोर्टेबल’ म्हणून जे विकलं जातं त्यातल्या फार थोड्या वस्तू या कसोटीला उतरतील.

पेटीची गोष्ट आणखी बोधक आहे. युरोपातून आलेली पेटी पायाने भाता मारायची होती. संगीत नाटकांनी ती पायपेटी आपलीशी केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची पेटी घडवली. ती जमिनीवर ठेवता आली, बैलगाडीत टाकता आली आणि म्हणून भजनी मंडळापासून तमाशापर्यंत सगळीकडे पोहोचली. पण किंमत मोजावी लागलीच. पायपेटीवर दोन्ही हात सुरांना मोकळे होते, हातपेटीवर डावा हात भात्यात अडकला. आपल्या गायकीला स्वरांच्या जुडग्यांपेक्षा एका सुराची सलग साथ हवी होती, म्हणून तो सौदा परवडला. तंबोऱ्याचंही तसंच झालं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला. भोपळ्याचं नाजूक वाद्य सांभाळत प्रवास करणाऱ्या गायकांना हातात मावणारा डबा मिळाला. खऱ्या तंबोऱ्याची जवारी त्यात नाही हे प्रत्येक गायकाला ठाऊक आहे. तरी तो डबा घरोघर रियाजाला आहे.

आणि बेंजो. गिटारच्या पुस्तकात बेंजोला मानाची जागा द्यायला हवी, कारण तारेच्या वाद्याला वीज लावून ते रस्त्यावर आणण्याचं काम महाराष्ट्रात गिटारच्या आधी बेंजोवाल्यांनी केलं. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो खरं तर बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानमध्ये आहे. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली टंकलेखनयंत्रासारख्या कळा तारांवर बसवून ताइशोगोतो हे वाद्य तयार केलं. आपल्याकडे येऊन त्याला पिकअप बसला, तो अॅम्प्लिफायरला जोडला गेला, मुंबई-कोकणात मिरवणुकांच्या बेंजो पार्ट्या उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे उरुसातल्या कव्वालीत तो हार्मोनियमच्या शेजारी बसला. हातगाडीवर किंवा टेम्पोत जनरेटर, त्यावर अॅम्प्लिफायर, पुढे भोंगे आणि मधोमध बेंजो मांडलेला. चालत्या गाडीवर, धुळीत, गर्दीत, कमी-जास्त होणाऱ्या विजेवर तारेचा आवाज शेकडो माणसांच्या वर काढायचा. ही विद्या कुठल्याही संगीतविद्यालयात शिकवली गेली नाही. रवी जाधव यांच्या २०१६च्या ‘बॅन्जो’ या हिंदी चित्रपटाने या मंडळींना पडद्यावर आणलं, पण त्यांच्या तांत्रिक कसबाची नोंद अजून कोणी नीट केलेली नाही. ती व्हायला हवी. वीज, वायर आणि भोंगा यांच्याशी जुळवून घेण्याच्या ज्या युक्त्या या पुस्तकात आल्या आहेत त्यांतल्या बऱ्याच मुळात बेंजोवाल्यांच्या आणि साऊंडवाल्यांच्या आहेत.

आता गिटारकडे वळू. बाजारात विकली गेलेली पहिली विजेची गिटार ही मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. जॉर्ज बोशँप यांच्या कल्पनेतून १९३१ साली तिचा नमुना तयार झाला आणि रिकनबॅकर या नावाने ती प्रसिद्ध झाली. भारतातही विजेच्या गिटारचा कान आधी हवाईयननेच घडवला. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांच्या तबकड्यांवर चित्रपटांच्या चाली गिटारवर ऐकत एक पिढी वाढली. पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर रागसंगीत मांडलं. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या बरोबरीने त्यांची गिटार आहे. उभ्याने वाजवायची, पडद्यांवर बोटं दाबायची गिटार चित्रपटसंगीतात स्थिरावली ती गोव्याकडच्या वादकांमुळे आणि संगीतसंयोजकांमुळे. राहुलदेव बर्मन यांच्याकडे भूपिंदर सिंग, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे गोरख शर्मा अशी माणसं होती. ‘कर्ज’ (१९८०) मधली गोरख शर्मांची धून आजही कुठल्याही ऑर्केस्ट्रात गिटारवाला दिसला की लोक मागतात. या जिल्ह्यात वाजवणाऱ्याला ती यावीच लागते.

पण अॅम्प्लिफायर इतके अवजड का झाले? हे कारण समजलं की रिग लहान करण्याचं अर्धं काम झालं. १९६०च्या दशकात सभागृहातली ध्वनिव्यवस्था गाण्यापुरतीच होती, तीही बेताची. गिटारचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा तर तो मंचावरच्या पेटीतूनच निघायला हवा. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सपुढे ५५ हजारांवर श्रोते होते आणि गाणं मैदानातल्या उद्घोषणेच्या कर्ण्यांतून ऐकवावं लागलं. व्हॉक्स कंपनीने त्या दौऱ्यासाठी १०० वॅटचे अॅम्प्लिफायर पुरवले होते, तरी किंकाळ्यांत ते बुडाले. फेंडरचा ट्विन जवळजवळ २९ किलोचा. मार्शलचं चार स्पीकरचं कपाट त्याहून जड, आणि एकावर एक अशी दोन कपाटं लावायची पद्धत पडली. भल्यामोठ्या पेट्यांची भिंत ही त्या काळाची गरज होती. नंतर ध्वनिव्यवस्था सुधारली, गिटारपुढेही माइक लागला, आवाज मिक्सरमधून सगळीकडे जाऊ लागला. गरज संपली, पण सवय राहिली.

मग यंत्रं लहान होत गेली. बॉस्टन या बँडचे टॉम शोल्झ हे शिक्षणाने अभियंते. त्यांचा रॉकमन १९८२ साली आला. कमरेच्या पट्ट्याला अडकवता येणारा हा डबा थेट हेडफोनमध्ये किंवा टेपवर मोठ्या अॅम्प्लिफायरसारखा आवाज देई. १९८९चा सॅन्सअॅम्प पेडलएवढा होता आणि मिक्सरला सरळ जोडता येत होता. १९९८ला लाइन सिक्सचा लालभडक पॉड आला आणि निरनिराळ्या अॅम्प्लिफायरची गणिती नक्कल घरोघर पोहोचली. २००६चा अॅक्स-एफएक्स आणि २०११चा केम्पर यांनी ती नक्कल इतकी सुधारली की मोठमोठे कलावंत भिंती घरी ठेवून फिरू लागले. आता सव्वा-दीड किलोच्या, चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या मल्टीइफेक्टमध्ये कामापुरतं सगळं मिळतं. बॉसचा जीटी-१ हे त्याचं ओळखीचं उदाहरण. न्यूरल अॅम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर तर कोणालाही फुकट वापरता येतं.

या सगळ्यातून आज तीन-चार पंथ तयार झाले आहेत आणि त्यांचे अनुयायी एकमेकांशी हिरिरीने भांडतात. पहिला पंथ व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरचा. काचेच्या नळ्या तापल्यावर हाताच्या दाबाला जो प्रतिसाद देतात तो दुसरीकडे मिळत नाही, असं ते म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण खडखडत्या एसटीत काचेच्या नळ्या, वीज खालीवर करणारा जनरेटर आणि एकट्याने उचलायचं ओझं हा मेळ आमच्याकडे बसत नाही. स्टुडिओत किंवा घरी असा अॅम्प्लिफायर जरूर असावा.

दुसरा पंथ पेडलबोर्डवाल्यांचा. एक ट्यूनर, एक-दोन ओव्हरड्राइव्ह, एक डिले, शेवटी अॅम्प्लिफायरचा आवाज देणारं पेडल आणि तिथून मिक्सर. प्रत्येक डब्याला स्वतःची बटणं असतात. मांडवातल्या अंधारात हात घातला तरी काय फिरवायचं ते कळतं. एक डबा बंद पडला तर तो काढून वायर सरळ पुढे जोडता येते. तोटा म्हणजे वायरींचे सांधे. जितके डबे तितके जोड, आणि बिघाड बहुधा जोडातच निघतो. तिसरा पंथ एकाच यंत्रात सगळं ठेवणाऱ्यांचा. वजन, जागा, पैसा या तिन्ही बाबतींत तो सरस ठरतो. मात्र ते एक यंत्र गेलं की सगळंच गेलं. चौथे लोक फोन किंवा टॅबलेटवर वाजवतात. घरच्या सरावाला ही सोय उत्तम, पण उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या आमच्या हवेत तापलेला फोन मध्येच मंदावतो, आणि मंचावरचं वाद्य अशा वस्तूवर टांगून ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. ब्लूटूथने गिटार जोडण्याचा तर विचारही करू नये. त्यात आवाजाला होणारा उशीर तालाला सरळ मारक आहे.

आमचा कौल तिसऱ्या पंथाला आहे, पण दुसऱ्याचा एक धडा गाठीशी बांधून. छोटं मल्टीइफेक्ट न्यावं, आणि सोबत एकच साधं पेडल असं ठेवावं की मुख्य यंत्र बंद पडलं तर त्याच्या जोरावर उरलेला कार्यक्रम पार पडेल. अकूस्टिक गिटारवाल्यांचं गणित जरा वेगळं आहे. पुलाखाली बसवलेल्या पिएझो पिकअपला पुढे चांगल्या प्रीअॅम्पची गरज असते. तो नसला तर आवाज पातळ आणि टोकदार येतो. त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग केला आहे.

इतकं सगळं वाचून नवा वादक विचारतो की गिटारची पिन मिक्सरमध्ये सरळ का घालायची नाही. घालून बघा, आवाज कोंदट आणि मेलेला येतो. गिटारच्या पिकअपचा अवरोध मोठा असतो आणि माइकसाठी बनवलेल्या सॉकेटचा त्याच्या मानाने फार लहान, त्यामुळे वरचे सूर तिथेच गिळले जातात. त्यातच विकृती वाढवणारं पेडल लावून सरळ मिक्सरला दिलं तर उलटी तऱ्हा होते. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही ऐकवत नाही. मिक्सरपुढचे बॉक्स मात्र त्याच्या तिप्पट वरपर्यंत जातात आणि चरचर कानात घुसते. हल्लीच्या यंत्रांत स्पीकर-पेटीचा ठसा उमटवणारी आयआर फाइल असते, ती नेमकी हीच चरचर कापते. गावात जुने भोंगे असतील तर खालचे सूर गळतात, म्हणून तिथे वेगळी जुळणी हवी. एकच जुळणी (पॅच) सगळीकडे चालते हा समज पहिल्या हंगामातच सोडून द्यावा लागतो.

आणखी एक छोटी गोष्ट. नव्या मिक्सरला तीन पिनांचं कॅनन सॉकेट असतं, पण खेड्यापाड्यांत अजून असे अॅम्प्लिफायर भेटतात ज्यांना जाड पी-३८ जॅकच लागतो. त्यामुळे पिशवीत दोन्ही टोकं हवीत. साऊंडवाल्याकडे असेल या भरवशावर जाऊ नये. साऊंडवाल्याशी पहिली पाच मिनिटं आदराने बोलावं, त्याच्या मिक्सरला विचारल्याशिवाय हात लावू नये, आपला आवाज कोणत्या पातळीवर येणार ते आधी वाजवून दाखवावं. या शिष्टाचाराने जेवढा आवाज सुधारतो तेवढा कुठल्याही महागड्या पेडलाने सुधारत नाही.

यानंतर वीज. ही प्रस्तावना लिहिताना मला सर्वांत जास्त काळजी याच विषयाची आहे. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा, ५० हर्ट्झचा. मांडवात तो कसा येतो ते नीट बघा. कधी जवळच्या घरातून ओढलेली दोन तारांची वायर असते, कधी खांबावर टाकलेला आकडा, कधी भाड्याचा जनरेटर. एक्स्टेंशन बोर्डाला तिसरं भोक असतं, पण त्यामागे तार जोडलेलीच नसते. गिटारच्या तारा पुलामार्फत अॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. वादकाचे दोन्ही हात तारांवर असतात आणि कोरस गायला तो पुढे झुकतो तेव्हा ओठ माइकच्या जाळीला लागतात. गिटारकडची बाजू आणि माइककडची बाजू वेगवेगळ्या विजेवर असली आणि एकीकडे अर्थिंग नसलं तर मधला वाहक वादक स्वतः होतो. १९७२ साली स्टोन द क्रोज या ब्रिटिश बँडचे गिटारवादक लेस हार्वी स्वॉन्सी शहरात मंचावर अशाच विजेच्या धक्क्याने गेले.

गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची जाड तिसरी पिन तोडण्याची किंवा त्यावर चिकटपट्टी गुंडाळण्याची युक्ती मी पाहिली आहे. गुणगुण खरोखर थांबते, पण जीव वाचवणारी तारच कापलेली असते. गुणगुण बंद करायची योग्य जागा मिक्सरला जोडायच्या पेटीवर, म्हणजे डीआय पेटीवर आहे. तिच्यावरचं ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण फक्त आवाजाच्या वायरीतली जमीन तोडतं, विजेच्या प्लगमधली नाही. म्हणून आमच्या रिगमध्ये डीआय पेटी अनिवार्य आहे आणि तिच्या जोडीला एक टेस्टर, एक सॉकेट तपासणारा छोटा प्लग आणि ३० मिलिअॅम्पिअरला तुटणारं संरक्षण असलेला बोर्ड. या वस्तूंचं वजन किलोभरही नसतं. वजन कमी करायच्या नादात यातली एकही सोडायची नाही.

जनरेटरची गोष्ट निराळी. तीन फेजच्या जनरेटरची न्यूट्रल सैल झाली की एखाद्या फेजवर ४०० व्होल्टच्या आसपास दाब चढू शकतो आणि जोडलेलं सगळं जळतं. पेडलांचे बहुतेक नवे अडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट सहन करतात, म्हणजे वीज उतरली तर ते टिकतात, पण इतकी चढली तर नाही. यावर खात्रीचा उपाय एकच. मंचावरच्या विजेला हातच लावायचा नाही. सेलवर किंवा पॉवर बँकवर चालणारं यंत्र निवडलं की जनरेटर धडधडो, लाईट जावो, आपलं वाद्य चालू राहतं आणि गुणगुणीचा मोठा भागही आपोआप जातो. लहान रिगचा हा फायदा वजनाहूनही मोठा आहे. मात्र पॉवर बँकवरून पेडल चालवताना ध्रुव बघावेत. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट लागतात आणि मधली पिन ऋण असते, घरातल्या इतर अडॅप्टरची बहुधा धन. साधं ओव्हरड्राइव्ह काही मिलिअॅम्पिअरवर भागवतं, तर संगणकासारखं काम करणाऱ्या यंत्राला अर्ध्या अॅम्पिअरपासून तीन अॅम्पिअरपर्यंत लागू शकतात. हे आकडे प्रत्येक डब्याच्या पाठीवर छापलेले असतात आणि ते वाचायची सवय लावणं हे या पुस्तकाच्या उद्दिष्टांपैकी एक आहे.

हे पुस्तक आत्ताच का? आमच्या भागातल्या ऑर्केस्ट्रांची माणसं कमी होत गेली. कीबोर्डात ताल आले, ऑक्टोपॅडवर एक माणूस चार तालवाद्यांचं काम करू लागला, पाठोपाठ कराओके आलं. आयोजकाच्या हिशोबात गिटारवाला हा जादा माणूस ठरला, कारण त्याला यायला गाडी लागायची, मांडायला वेळ लागायचा, आणि इतकं करून त्याचा आवाज मागे कुठेतरी हरवायचा. यातली पहिली दोन कारणं लहान रिग दूर करते आणि तिसरं चांगली जुळणी दूर करते. शिवाय २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सणासुदीला सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. नऊ वाजता सुरू होणाऱ्या कार्यक्रमात वादकाने अर्धा तास मांडणीत घालवला तर गाणी कापावी लागतात. झटपट मांडून वाजवणारा वादक आयोजकाला परवडतो, हा साधा व्यवहार आहे.

व्यवहारापलीकडचंही कारण आहे. भीमगीतांच्या मंचावर, गोंधळात, भजनात गिटारला अजून स्वतःची जागा सापडायची आहे. मुंबई-पुण्यात हे प्रयोग होतात तेव्हा त्यांची चर्चा होते. इथल्या मुलाने कळंबच्या किंवा नळदुर्गच्या मंचावर संबळाशी गिटारचा संवाद घडवला तर त्याच्या हातात शहरातल्या वादकाइतकाच भरवशाचा आवाज हवा. पैशाअभावी किंवा अंतरामुळे तो अडू नये. बालाघाटाच्या पठारावर राहणाऱ्या मुलांना गिटार शिकवणारे व्हिडिओ फोनवर हवे तितके मिळतात, पण मांडवातली वीज, भोंगा आणि धूळ यांच्याशी कसं जमवायचं ते मराठीत नीट लिहिलेलं मला दिसलं नाही. सगळं साहित्य लंडन-नॅशव्हिलच्या क्लबांना धरून आहे. तिथे अर्थिंग गृहीत धरतात, इथे ते तपासावं लागतं.

पुस्तकाची रचना वस्तूंच्या यादीवर नाही. नवी मॉडेलं दर वर्षी येतात, यादी शिळी होते. त्याऐवजी आम्ही वाजवण्याच्या प्रसंगांवरून निघालो. गाणाऱ्यामागे एकटी गिटार, पाच जणांचा ऑर्केस्ट्रा, कव्वालीची बैठक, शाळेचं मैदान अशा प्रत्येक प्रसंगाला काय लागेल, काय सोडता येईल आणि का, हे मांडलं आहे. पिशवीचं वजन गिटारसह आठ किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही अशी मर्यादा आम्ही स्वतःला घालून घेतली. तिच्यामुळे काही आवडत्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागल्या. वायरलेस संच ही त्यांतली एक. गर्दीत शेकडो फोन चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरचा स्वस्त वायरलेस अडखळतो, आणि सहा मीटरची चांगली वायर त्याहून स्वस्त आणि विश्वासाची आहे. बिनडोक्याच्या गिटारीला मात्र जागा दिली आहे. १९८०च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनी रूढ केलेली ही घडण एसटीच्या गर्दीत अतिशय उपयोगी पडते.

उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पडद्यांची टोकं बोटांना लागू लागतात, बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या गिटारचा डिंक सुटतो. अशा इथल्या हवेच्या गोष्टी पुस्तकात जागोजागी येतील. दुरुस्तीचा भाग मुद्दाम सविस्तर ठेवला आहे. सुटा भाग हवा तर सोलापूर-पुण्याकडे बघावं लागतं, म्हणून डाग द्यायला, जॅक बदलायला, तुटलेली वायर शोधायला वादकाने स्वतः शिकावं असा आग्रह आहे. सोल्डरिंगला हात बसायला एक दुपार पुरे. घाबरू नका.

काही गोष्टी इथे मिळणार नाहीत. कोणत्या नामांकित कलावंताचा आवाज कसा काढावा, याची कृती आम्ही दिलेली नाही. तो शोध कानाने घ्यायचा असतो. मोठ्या सभागृहांच्या ध्वनिव्यवस्थेचा विचारही केलेला नाही. तिथे जाणकार तंत्रज्ञ असतात, त्यांचं ऐकावं.

पुस्तक कुठूनही उघडून वाचता येईल असं लिहिलं आहे, एका प्रकरणाचा अपवाद सोडून. विजेचं प्रकरण सगळ्यांनी आधी वाचावं, ज्यांना काहीही नवं विकत घ्यायचं नाही त्यांनीसुद्धा. ते वाचून झालं की घरातल्या आणि सरावाच्या खोलीतल्या प्रत्येक एक्स्टेंशन बोर्डाची तिसरी तार जोडलेली आहे का ते जाणकार वायरमनकडून तपासून घ्या, आणि तुमच्या मंडळातल्या साऊंडवाल्यालाही ते प्रकरण वाचायला द्या.